सर्वसाधारण सभा

रुवीतल्या हॉटेलच्या वरचा हॉल, एसीची घरघर,
अजेंड्यावर सातवा विषय: नवीन अध्यक्ष.
मी विचारतो, कोण पुढे येतंय?
आणि ऐंशी माणसं एकदम
आपापल्या चपलांकडे बघू लागतात.
मागच्या रांगेत एक हात वर जातो,
कानामागे खाजवतो, खाली येतो.
कुणीतरी म्हणतं, सबनीसच राहू देत की.
टाळ्या.
एकोणीस वर्षं ऐकतोय मी या टाळ्या,
सुटलो बुवा म्हटल्यासारख्या वाजतात.

घरी येऊन बायकोला सांगतो,
नवी माणसंच तयार होत नाहीत गं.
ती रक्तदाबाची गोळी पुढे सरकवते.

कारणं मला पाठ आहेत, भाषणात सांगतो.
इथं राहायला कुणी आलेलंच नाही,
जो तो अजून दोन वर्षं म्हणून आलेला
(मीसुद्धा, सत्त्याऐंशी साली).
पोरं वाढतात, अठराव्या वर्षी
पुण्याला जातात, नाहीतर कॅनडाला.
आणि व्हिसावरचा माणूस जपून बोलतो,
इतका, की पुढे घरातही तसाच बोलतो.
खरीच आहेत ही कारणं.

किल्लीचं तेवढं मी बोलत नाही.
कपाटाची किल्ली माझ्या जुडग्यात,
चेकवर सही माझी,
आणि शवागारातल्या कारकुनाचा नंबर माझ्या फोनमध्ये
पाववाला या नावाने.

ठोसरांचा पराग म्हणाला, काका, हिशेब सगळ्यांना दिसू देत.
मी म्हणालो, उत्तम. पुढच्या वर्षी बघू.
मृण्मयी खारकरने चाळीस पोरांचं नाटक उभं केलं,
तिला हारफुलांचं खातं दिलं.
नाही असं मी कुणालाच म्हटलेलं नाही.

निझव्याच्या बागेत सालेम नावाचा माळी होता.
खजुराच्या बुंध्याला बिलगलेली पिल्लं दाखवून म्हणाला,
तीन-चार वर्षांची झाली की पहार घालून तोडायची आईपासून.
नाही तोडली तर?
तर तिथंच राहतात. हिरवी, बुटकी.
आईचंही फळ आटतं.
मी म्हणालो, वा,
आणि अडीच किलो खजूर घेतला.

गेल्या मार्चात माझ्या छातीत कळ आली.
त्याच आठवड्यात रामा घाडी, आचऱ्याचा,
सहाव्या मजल्याच्या परांचीवरून पडला.
पाच दिवस शवागारात.
माझा फोन इस्पितळाच्या लॉकरमध्ये,
फोनात पाववाला.
कमिटीची तातडीची बैठक झाली,
दुखवट्याचा ठराव झाला, अनुमोदनासहित.

इलियास मुकादम, खेडचा, पाण्याचा टँकर चालवतो.
मंडळाचा सभासद नाही. वर्गणी जड म्हणून नव्हे,
कुणी फॉर्मच दिला नाही म्हणून.
टँकरच्या रांगांत शिकलेलं अरबी घेऊन
तो खिडक्या खिडक्या फिरला:
पोलीस, कंपनी, दूतावास, कार्गो, परत पोलीस.
सहाव्या दिवशी पेटी गोव्याला उतरली.
घाडीच्या भावाला फोन त्यानेच केला, मालवणीत.
आडनाव मुकादम,
आणि आम्ही त्याला टँकरवाला म्हणतो.

आज सभा संपल्यावर तो जिन्यात भेटला.
खुर्च्या भाड्याच्या, त्या पोचवायचं काम त्याच्याकडे.
हनुवटीपर्यंत खुर्च्या, वर फक्त डोळे.
माझा हात खिशात गेला होता,
किल्ली कोमट लागली हाताला.
इलियास, म्हटलं.
तो थांबला, सगळं ओझं सांभाळत.
खाली कुणीतरी माझ्यासाठी गाडीचं दार धरून उभं होतं,
गळ्यातला हार टोचत होता.
वीस सेकंद गेली असतील.

जाताना दिवे बंद कर हां, म्हणालो.
जी सर, म्हणाला तो,
आणि मला वाट द्यायला
भिंतीला चिकटला.