करवत खाते तेवढं

बॅगेला तेवीस किलोची परवानगी.
काट्यावर चोवीस सहाशे.
सुलक्षाने लोणच्याची बरणी काढली,
आईने परत घातली,
मग तिने थंडीचं जाकीटच अंगात चढवलं,
कुंकळ्ळीत, भर दुपारी बाराला,
आणि घामाघूम होऊन म्हणाली, आता बसेल.

मी लेथपाशी होतो. पाळण्याचा चौथा पाय.
फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली
की तापून ती आपसूक पसरते,
वर केवड्याचं पान धरायचं, की चकाकी.
हे मला येतं.
दहावी नापास व्हायच्या आधीपासून येतं.

तिचं वेगळं.
मडगावच्या भंगारातून दोन मेलेले प्रिंटर आणले,
चतुर्थीच्या सुट्टीत, माटोळीची फळं सुकत असताना,
त्यांच्या मोटारी काढून एक यंत्र उभं केलं.
त्याला पेन धरता येत होतं.
पहिलीच रेघ सरळ.
पपा खूप वेळ बघत राहिले.
‘हाचो हात थरथरना,’ म्हणाले,
आणि आपला उजवा हात पंचाखाली घेतला.

आता फिनलंड. एक वर्ष.
शाळा म्हणे कारखान्यासारखीच:
रंधा नाही, पटाशी नाही,
आधी वस्तू स्क्रीनवर, मग हातात.
‘आणि चुकली तर?’
‘परत करायची.’
‘लाकूड कुठून आणायचं परत?’
ती गप्प.
परसातला फणस तिच्या फीमध्ये गेला
असं मी म्हणणार नाही,
तो आधीच गेला होता, रस्ता रुंद झाला तेव्हा.
फीमध्ये गेली माझी स्कूटर.
आणि सोसायटीच्या कर्जावर सही माझी आहे.

गावात ज्याला त्याला एकच प्रश्न,
‘पोर्तुगीज पासपोर्ट काढला?’
बाहेर जाणं म्हणजे बोटीवर,
नाहीतर लंडनच्या कुठल्या गोदामात.
आई सांगते, शिकायला.
‘कितें?’
‘वस्तू करायला.’
‘त्या तर तुम्ही घरीच करता गो!’
यावर आईकडे उत्तर नव्हतं.
मी लेथचा आवाज वाढवला.

काल रात्री तिने आमच्या जुन्या पाळण्याचा पाय मागितला,
आधी मी झोपलो, मग ती, त्या पाळण्याचा.
फोन धरून त्याच्याभोवती फिरली,
वडाला फेरे घालावेत तशी, न बोलता.
मग स्क्रीनवर तो उगवला,
राखाडी, बिनलाखेचा.
मधल्या गोळ्याशी एक खाच.
मी जन्मलो त्या रात्री पपांना घाई होती,
पटाशी तिथे घसरली.
प्रोग्रॅमने विचारलं: पृष्ठभाग गुळगुळीत करू?
तिने ‘नको’ दाबलं.

मी पाहिलं ते.
पाणी प्यायला म्हणून आत गेलो.

माझं माप सुतात, तिचं मिलिमीटरमध्ये.
एक धडा मात्र दोघांना एकाच दिवशी मिळाला,
पपांनी फळीवर रेघ मारून दिलेला:
करवत स्वतः थोडं खाते.
रेघेवरच कापशील तर तुकडा कमी भरेल.
ती खाते तेवढं आधीच सोड.
सुलक्षा म्हणते, लेझरही खातो.
केसाएवढं, पण खातो.
तिथे त्याला काही वेगळं नाव आहे,
तिने सांगितलं, मी विसरलो.

मोपाला जायची गाडी पहाटे तीनला आली.
बरणी शेवटी गेलीच, जाकिटाच्या खिशात.
पपांनी डाव्या हाताने टाटा केला.

सकाळी मी पाळणा जुळवला.
चौथा पाय सूतभर लांब ठेवलाय.
गिऱ्हाईक कुडतरीचं आहे, डुगडुगतो म्हणून बोंब मारेल.
मारू दे.