शेऱ्याचा रकाना

मुहर्रकच्या जुन्या पोलीस ठाण्याची एकोणीस बाडं
माझ्या टेबलावर आहेत. रोज चाळीस पानं,
हातमोजे, मऊ ब्रश, एसी अठरावर.
संग्रहालय उघडायचंय हिवाळ्यात;
दलाचा इतिहास हवाय त्यांना, भिंतभर, फोटोंसकट.

तर सहा शिपाई, दोन कंदील, एक उंट, तोही भाड्याचा.
हवालदार शहदाद, मकरानचा, बूट पायापेक्षा मोठे.
वर प्राइस साहेब, वेल्समधल्या कुठल्याशा गावचा.
तिथंही सहाच शिपाई होते म्हणे, आणि पाऊस.
तो इथं रोज आकाशाची नोंद करायला लावी:
निरभ्र. निरभ्र. धूळ. निरभ्र.

रॉकेलचा डबा चोरीला. कोंबडा, मालकी वादग्रस्त.
खजुरांत बकरी शिरली, दंड आठ आणे
(आपलाच रुपया चालायचा तेव्हा इथं).
कितीतरी पानांवर नुसतं: काही घडलं नाही.

इंग्रजी सुबक. सही व्ही. खवणेकर, कारकून.
वेंगुर्ल्याकडचा असणार. बोटीनं आला असणार.
फोटोत तो नाही;
फोटो काढला तेव्हा बहुधा आत हजेरी लिहीत होता.

तेराव्या बाडात, जूनमध्ये, समासात मोडी.
आधी आडवी रेघ ओढून घेतलेली, मग तिला
दोरीवर बांगडे वाळत घालावेत तशी अक्षरं.
पुण्यात सहा शनिवार शिकले होते मी,
प्रमाणपत्र आईच्या कपाटात आहे.
चार ओळींना चार दिवस लागले.

पानावर इंग्रजीत: मबरूक, पाणबुड्या, वय अंदाजे वीस.
नाखुदाचं देणं दोनशे दहा रुपये, बापाचं धरून.
मोत्यांचा मोसम लागताच पळाला. पकडला.
सकाळी गलबतावर पोचवणे.
दुसऱ्या दिवशी: कोठडी रिकामी. कडी जुनी. चौकशी चालू.
पुढं ती चौकशी कुठंच नाही.

समासात:
कानांतून रक्त येत होतें.
आमचेकडे नाखवा, यांचेकडे नाखुदा, देणें तेंच.
कडी जुनी नव्हती. शहदाद पाठ करून निजला, पण निजला नव्हता.
हें येथें कोणास वाचतां येणार नाहीं.

हमद कॉफी घेऊन आला. त्याचे आजोबा
याच ठाण्यात जमादार होते, थोरले काका नाखुदा.
म्हणाला, ही तुमच्याकडची लिपी ना? काय लिहिलंय?
मी म्हटलं, धोब्याचा हिशेब.
तो हसला. त्याचे आजोबाही धोब्याचे बुडवायचे म्हणे.

शेऱ्याच्या रकान्यात टाइप केलं:
समासात शाईचे डाग. मजकूर लागत नाही.
मग पान उलटताना
त्या रात्रीच्या आकाशाची नोंद दिसली, तीच आधी पाहायला हवी होती.
जून महिना, मुहर्रक: ढग. चंद्र दिसला नाही.
खाली, हिरव्या शाईत,
प्राइस साहेबाची बारीक सही.