पाव किलो उंची

ऑफिसने दिला तो नकाशा सपाट होता.
पर्वतीच्या उताराला त्यात चढ नव्हता,
जनता वसाहतीच्या गल्ल्या कुणी पट्टीने मारल्यासारख्या,
आणि मार्केट यार्डाभोवती हिरव्या शाईचं एक वर्तुळ:
'ताजी भाजी उपलब्ध.'

मी टिकल्या घेऊन गेले होते.
हिरवी म्हणजे भाजी, पिवळी म्हणजे किराणा,
लाल म्हणजे वेफर्स, नूडल्स, बाटलीतलं रंगीत पाणी.
लाल टिकल्या दुसऱ्या गल्लीतच संपल्या.

इंदुबाई घोडके, चार घरच्या पोळ्या लाटून आलेली,
कोपराला अजून पीठ,
नकाशा उलटा धरून म्हणाली,
"यात वर कुठंय?"
मी म्हटलं, वर म्हणजे उत्तर.
ती हसली.
"वर म्हणजे माझं घर."

मग तिने मला चढ शिकवला.
खाली कालव्याच्या रस्त्याला मेथीची जुडी पंधराला,
देवळापाशी अठरा,
पाण्याच्या टाकीजवळ वीस, घ्यायची तर घ्या,
आणि शेवटच्या ओळीत,
जिथं पायऱ्याही दमून मातीच्या होतात,
तिथं मेथी नसतेच.
तिथं दाराला पाकिटांच्या माळा.
पाकिटावर किंमत छापलेली असते:
खाली पाच, वरही पाच.
"बघ," ती म्हणाली,
"अख्ख्या टेकडीवर शब्दाला पक्का तेवढा एकच."

नसरीन तांबोळीला मी अंतर विचारलं.
तिने वेळ सांगितली.
साडेआठनंतर गाडीवाला उरल्यासुरल्याचे वाटे लावतो,
दहाला वाटा,
वांगं एखादं किडकं, टोमॅटो अंगाला मऊ,
पण कापून टाकलं की चालतं.
साडेआठला ती स्वारगेटला उभी असते,
हडपसरहून येऊन, दुसऱ्या बसची वाट बघत.
"म्हणजे लांब पडतं," मी लिहू लागले.
"लांब नाही गं. उशीर."

फॉर्ममध्ये उशिराचा रकाना नव्हता.
मीटर होते.
गुडघ्यांचाही नव्हता,
आणि तो वाणी उधार कुणाला देतो, कुणाला नाही,
ते विचारायला तर जागाच नव्हती.
मी समासात लिहीत गेले, बारीक,
समास संपला तेव्हा माझ्या हातावर.

सगळ्यांत वरच्या घरातून कोंडाबाई आली, काठी नसलेली.
बोलली नाही. नुसती पुढं चालू लागली,
घरांच्या मागं, भिंतीच्या भगदाडातून पलीकडं,
आणि तिथं गुडघाभर कुर्डू,
खडकाच्या सावलीला तांदुळजा,
कुणी न पेरलेला, कुणी न तोललेला.
मी पिशवीत हात घातला. हिरव्या टिकल्या
अजून सगळ्या शिल्लक होत्या.

"हे नको टाकूस," ती म्हणाली.
"टाकलंस की माणसं येतील.
माणसांमागं कुंपण."

टिकली बोटाला चिकटलेली. मी ती
माझ्याच बाहीला लावली.

सोमवारी साहेबांनी नकाशावर बोट टेकवलं,
टेकडीच्या माथ्याला, पांढऱ्या जागेवर.
"इथली माहिती अपुरी आहे का?"
मी म्हटलं, हो. अपुरी आहे.

आदल्या संध्याकाळी तिने बांधून दिला होता मूठभर कुर्डू,
वर्तमानपत्रात, ओलाच.
घरी उघडला तर पानांवर उलटी अक्षरं उमटलेली,
कसल्यातरी जाहिरातीची.
दोनदा धुतला.
लसूण जरा जास्त घातला.