दिवा क्रमांक शून्य

पाच मीटरची पट्टी, तीनशे दिवे.
पार्सल फोडलं तेव्हा प्रमिलाला वाटलं, साडीचा फॉल आला.
दुपारचे दोन. भुसावळ सेहेचाळीसवर.
कूलरमधून वाळ्याचा वास,
त्यावर माझ्या सोल्डरचा धूर.

बत्तीस वर्षं सिग्नल सांभाळले मी.
तिथे दिव्यागणिक वेगळी वायर, वेगळा रिले,
पावसाळ्यात केबलचा खड्डा उपसत बसायचं.
इथे सगळ्यांत मिळून तारा तीनच:
पाच व्होल्ट, ग्राउंड,
आणि मधली, जिच्यातून नुसता निरोप जातो.

वरच्या मजल्यावरची हर्षिका फिरके, नववीतली,
म्हणाली, आजोबा, मोजायचं शून्यापासून.
शून्य नंबर आपले तीन आकडे काढून घेतो,
उरलेलं टोपलं पुढच्याकडे सरकवतो,
पुढचाही तसंच.
म्हणजे पंगत, म्हटलं.
पण शेवटच्या पानापर्यंत बुंदी पुरलेली
मी फारशी पाहिली नाही.

पहिला लाल मागितला.
लागला हिरवा.

हात आपोआप खिशाकडे गेला,
वेळ लिहून घ्यायला.
लाल मागून हिरवा मिळणं म्हणजे आमच्याकडे
चौकशी, निलंबन, आणि त्याआधी
पोटात पडणारा तो खड्डा.
हर्षिका हसली. या चिपला आधी हिरवा सांगतात,
मग लाल, मग निळा. एवढंच.
एवढंच!
मी उठून दोन ग्लास पाणी प्यायलो.

मग सगळे पांढरे लावले.
पहिले शंभर दुधासारखे,
पुढे साय धरलेली,
टोकाचे तर पार विटकरी.
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
निंभोऱ्याला मेहुण्याच्या केळीत
ठिबकची नळी लांबली की टोकाचं खोड बारीक राहतं,
तो दुसऱ्या अंगानेही पाणी जोडतो.
मीही टोकाला दोन जाड वायरी जोडल्या.
विटकरी उतरला.

शनिवारी एकशे सतरा नंबर मेला.
त्याच्यापुढचे एकशे ब्याऐंशी अंधारात.
त्यांच्यात दोष नव्हता,
त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.
तांब्याच्या खुणांवर कात्री चालवून त्याला काढला,
जागी तीन इवल्या वायरी.
मागचे सगळे एकेका नंबराने पुढे सरकले
आणि आपल्या नव्या नावाला हाक दिल्यासारखे पेटले.
मेलेला अजून डबीत आहे. टाकवत नाही.

प्रमिला म्हणे, हे काय करून ऱ्हायले तुम्ही?
श्रावणात कानबाईच्या चौरंगाला तरी लागतील ना?
लागतील की.

पण आज रात्री लाईट गेली,
अख्खी गल्ली काळी, बॅटरीवर फक्त माझी पट्टी,
गॅलरीच्या कठड्याला आडवी बांधलेली.
उजेड दोनशे पंचावन्नातला आठ.
एकच पांढरा ठिपका शून्यापासून निघतो.
त्याच्या पाठीमागे लाल.
तो आणखी पुढे गेला की पिवळा,
मग दोन पिवळे,
मग हिरवा, मोकळा रस्ता.

प्रमिला पदराने वारा घेत बघत राहिली.
चौथ्या फेरीला विचारलं,
कोणती गाडी ही?
मालगाडी, मी म्हणालो.
मालगाडी कुठं एवढी पळते, भो?

खरंच.
लॅपटॉप उघडला,
पन्नासच्या जागी दोनशे टाकले.