झालरीचं माप

खिडकी पाच फूट,
म्हणजे झालर बारा इंच.
वाणसामानाच्या यादीमागे
मी हिशेब मांडूनच ठेवला होता:
उंचीचा पाचवा हिस्सा,
चुण्यांसाठी रुंदीच्या अडीचपट कापड,
शिवणीला दोन बोटं जास्त.
बेस्टच्या हिशेबखात्यात
चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला
एवढं येतंच.

बगाडे मास्तर चेंबूर कॅम्पातून आले,
गळ्यात टेप, कानावर पेन्सिल.
खिडकीशी गेलेच नाहीत.
म्हणाले, "बघणार कोण? कुठून?"

कोण म्हणजे?
येणारे-जाणारे. दारातून.

त्यांनी पलंगाकडे पाहिलं.
तिथे शरयू, एप्रिलपासून,
खुब्यात सळई, डोक्याखाली दोन उशा,
आणि समोर टिळक नगरातला
नवा बावीस मजली टॉवर.
"ताई, परवानगी असेल तर," म्हणत
मास्तरांनी चपला काढल्या
आणि माझ्या बाजूच्या गादीवर
चक्क आडवे झाले.
छातीवर हात, नजर खिडकीत.
"हं, साहेब. धरा कापड."

मी स्टुलावर. बारा इंच.
मागून दोन आवाज एकदम:
"गेलं!"

काय गेलं?

"विमान," शरयू म्हणाली.
टॉवरच्या टाकीमागून निघतं,
चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात शिरतं.
चार आकडे मोजेपर्यंत असतं.
सकाळी जास्त, दुपारी कमी,
रविवारी एक मोठं येतं, पांढरंफेक.
सगळं तिला पाठ.
आणि मी रोज त्याच खोलीत झोपत होतो,
दुसऱ्या कुशीवर.

नऊ इंच.
पुढचं विमान येईस्तोवर हात भरून आले.
"नुसतं शेपूट," मास्तर म्हणाले.
आठ.
"दीड," शरयू म्हणाली. आता ती मोजत होती.
मग सात.
आवाज आला, काच थरथरली,
"एक... दोन... तीन..."
आणि पुढे थोडंसं, अर्धा आकडा असेल.

"सहा करू या?" मी विचारलं.
बारावरून इतका खाली आलो होतो
की मला आता काहीच जड नव्हतं.
मास्तर उठून बसले.
"सहाला झालर नाही म्हणत, साहेब,
काठ म्हणतात. वरच्या कड्या उघड्या पडतील."
शरयूने क्षणभर विचार केला.
कड्या तिला नको होत्या.
झोपून असली तरी घर तिचंच होतं.
"सातच," म्हणाली.

उरलेल्या कापडाची तिला
उशीची दोन अभ्रे शिवून दिली मास्तरांनी.
त्याचे पैसे घेतले नाहीत,
चहा मात्र दोनदा घेतला.

गुरुवारी ताम्हनकरबाई आल्या समाचाराला.
दारातच थबकल्या, मान कलती करून म्हणाल्या,
"रंग छान हो.
पण झालर जरा आखूड नाही का झाली?"

शरयूने पलंगावरची
माझी बाजू थोपटली.
"या," म्हणाली,
"जरा आडव्या होऊन बघा."