आईचा व्यवसाय

अशोक चौकात, बागवानच्या नेट कॅफेत
तिसऱ्यांदा उघडला बी.एस्सी.चा अर्ज.
फोटो पन्नास केबीत बसेना.
"तोंडच मोठंय तुझं," म्हणाला तो.

मातृभाषा: तेलुगू.
भांडण कन्नडमधून, पाढे मराठीत,
त्याला रकाना नव्हता.

आईचा व्यवसाय?
मी 'गृहिणी' टाकलं.
मागून एक बोट आलं स्क्रीनवर,
तंबाखूनं पिवळं पडलेलं.
"काय लिहिलीस, वाच."
वाचलं.
"खोड ते.
रोज हजार विड्या काय शेजारीण वळती?"

खोडायला गेले
आणि अख्खा अर्ज कोरा झाला,
माझ्या नावासकट.

आईनं स्टूल ओढलं.
"भर की परत.
आज पानं भिजवलीच नाहीत मी."