एक लांब, दोन आखूड

एक लांब, दोन आखूड.
पुन्हा तेच.

रविवारची रात्र, राजारामपुरी, मागची खोली.
इस्त्रीच्या टेबलावर डबा एका कुशीचा पत्रा काढून बसलाय,
दवाखान्यात शर्ट वर करून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा,
आणि मी कान लावून ऐकतोय.

एक लांब, दोन आखूड म्हणजे ग्राफिक्स कार्ड.
म्हणजे, असं म्हणतात.
मागच्या वेळीही असंच म्हणत होते,
तेव्हा निघालं होतं पालीचं अंडं,
एसेमपीएसच्या कोपऱ्यात, शाबूच्या दाण्याहून जरा मोठं,
उबेला घातलेलं.
ते मी तुळशीच्या कुंडीत ठेवलं आणि मशीन सुरू झालं.
दोन्हींचा काही संबंध होता का,
अजून माहीत नाही.

रॅम काढली, खोडरबरनं घासली.
खोडरबर लेकीच्या दहावीच्या कंपासपेटीतला.
ती आता पुण्यात, फोनवर म्हणते,
"पप्पा, नवीन घ्या की. मी पैसे पाठवते."
तिला कसं सांगू,
नवीन घेतलं तर संध्याकाळी मी करू काय?

सोमवारी उद्यमनगर बंद.
बाजीराव लोहाराचं शटर मात्र गुडघ्याएवढं उघडं,
वाकून आत जायचं.
पंख्याची बुश झिजलीय, म्हटलं, पितळेची करून दे.
"टॉलरन्स किती?"
मी म्हणालो, अंदाजे.
त्याचा चेहरा असा झाला,
जणू मी देवळात चप्पल घालून शिरलो.
"अंदाजे म्हंजे किती थौ?"
शेवटी त्यानंच मापलं, लेथ लावला,
करंगळीच्या नखाएवढी पिवळी बुश
कोमट कोमट तळहातावर ठेवली.
पैसे घेतले नाहीत.
"चालू झालं तर सांग.
नाही झालं तरी सांग."

मंगळवारी लक्ष्मीपुरी.
शेजारच्या दुकानात जोंधळ्याचं पोतं,
इलियास शिकलगारच्या दुकानात कार्डांचं.
हात घालून एक काढलं, फुंकर मारली,
"घ्या, सातशे."
गॅरंटी?
"या पायरीपर्यंत."

बुधवारी रात्री सगळं बसवलं.
सात स्क्रू काढले होते, सहा बसले,
सातवा बशीत एकटा.
त्याची जागा सापडेना, आणि त्याच्यावाचून
कुणाचं काही अडेना.
बटण दाबलं.

एक लांब,
दोन आखूड.

आतून मंदा म्हणाली,
"माझा कुकर बरा.
शिट्ट्या झाल्या की भात तरी मिळतो."

तेव्हा मात्र डोकं फिरलं.
सातशे रुपये, तीन रात्री, एक चांगला खोडरबर.
आयला, म्हणालो आणि टेबलावर हात आपटला,
असा की बशीतला स्क्रू उडून कपाटाखाली गेला.

आणि मग
एक.
आखूड.
पिट् करून, उचकी लागल्यासारखी.
पंखा सुरू, दिवा हिरवा,
पडद्यावर रंकाळा, अकरा वर्षांपूर्वीचा,
कोपऱ्यात माझ्या बोटाची सावली आलेला.

मंदा दारात.
"झालं?"
झालं.
"काय झालं होतं?"

घ्या. आता सांगा.
कार्ड म्हणावं तर जुनंही असंच होतं.
रॅम म्हणावी तर ती रविवारीच घासलेली.
आणि थप्पड म्हणावी
तर थपडेनं उठणारं मशीन
थपडेनंच बसणार कधीतरी,
ऐन लाइट बिल भरताना.

"काहीतरी लूज होतं," म्हणालो.
"मग झोपा आता," म्हणाली, "लाइट घालवा."
लाइट घालवली.

अंधारात पडल्या पडल्या ऐकत राहिलो.
बाजीरावच्या पितळेवर पंखा फिरत होता,
कुरकूर नाही, थरथर नाही,
इतका नीट
की राग यावा.

मंदाचा श्वास लागेपर्यंत थांबलो.
मग उठलो, प्लग काढला,
मोबाइलचा उजेड दातांत धरला,
आणि पहिला स्क्रू
उलटा फिरवायला घेतला.